माझ्या ताटात तू जेवायचीस

शैला, मागच्या आठवड्यात गावी जायला बॅग भरायला घेतली आणि लक्षात आलं, मला बॅग भरताच येत नाही. उभी हयात फिरतीची नोकरी केलेला माणूस मी. पंपांच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर. आज लातूर, उद्या हिंगोली, परवा आणखी कुठलं तरी तालुक्याचं गाव. पण दोन शर्टपँटींपलीकडे त्या बॅगेत जे काही असायचं ते मी फक्त काढून खाल्लं, भरलं कधीच नाही. स्नेहल म्हणाली, "बाबा, द्या इकडे, मी भरते." तर मी तिच्यावर खेकसलो. लेकीची आई जाऊन अजून महिना व्हायचाय आणि बाप बॅगेवरून खेकसतोय. तू असतीस तर नुसते डोळे वटारले असतेस आणि मी गप्प बसलो असतो.

आता डोळे वटारणारं कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझ्याबद्दल फार चांगलं लिहिलंय. मनमिळाऊ, प्रेमळ, सदा हसतमुख. वाचून मला इतक्या दुःखातही हसू आलं. सदा हसतमुख! आपल्या फुलपाड्यातल्या कुणाही भाजीवाल्याला विचारावं. वसईजवळच्या होळी गावात, भाजीपाल्याच्या वाडीत वाढलेली मुलगी तू. वांग्याचं देठ बघून ते कधी तोडलंय हे सांगायचीस, आणि भाजीवाला खोटं बोलला तर त्याला भर बाजारात फैलावर घ्यायचीस. तुझ्याबद्दल खरं लिहायचं तर ते मलाच लिहिलं पाहिजे. आणि मी तर तुझ्यावर रागावलेलो आहे.

खूप रागावलेलो आहे. भांडण अर्धवट टाकून गेलीस.

मला साखर निघाली तेव्हा स्नेहल शाळेत होती. ढाब्यावरची तर्री, लॉजवरचा तो भाताचा डोंगर, डीलरच्या दुकानात घडीघडीला पुढे येणारा गोड चहा, या सगळ्याने व्हायचं ते झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आहार सांभाळा, व्यायाम करा, सगळं वेळच्या वेळी. मी म्हणालो, घरी असतो तर केलं असतं, फिरतीवर कसं जमणार? घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणालीस, "फिरतीवर जाताना पोट इथेच ठेवून जाता का?"

तिथून बॅग तुझ्या ताब्यात गेली. ज्वारीच्या दशम्या, जवसाची चटणी, भाजलेले चणे, काकड्या, आणि ओल्या फडक्यात बांधलेली मटकी. घरून निघताना मटकी नुसती भिजलेली असायची आणि हिंगोलीला पोचेपर्यंत तिला बोटभर मोड आलेले असायचे. एकदा एसटीत वरच्या फळीवरून त्या पुरचुंडीचं पाणी शेजारच्या गृहस्थांच्या टोपीवर ठिबकलं. त्यांनी टोपी काढून वर बघत विचारलं, "काय आहे हो ते?" मी म्हणालो, "बायको." बिचारे उठून मागच्या सीटवर जाऊन बसले. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

फोन तर रोजचाच. उजाडलं की वाजायचा. "कुठे आहात?" "स्टँडवर." "चालताय की बसलाय?" "चालतोय ना." "मग बोलताना दम कसा लागत नाही?" मी बाकावरून उठायचो आणि खरंच चालायला लागायचो. परभणीच्या लॉजमध्ये दोन खाटांच्या मधल्या बोळात सूर्यनमस्कार घालायचो. तिथल्या म्हाताऱ्या मॅनेजरला वाटलं हा काही तरी अनुष्ठान करतोय, त्याने दुसऱ्या दिवशी उदबत्तीचा पुडा आणून दिला. मी तो घेतला. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आणि गंमत म्हणजे हे सगळं जमलं. माझ्याबरोबरचे फिरतीवरचे लोक एकेक करून थकले, कुणाचे डोळे गेले, कुणाचा पाय. मी मात्र टुणटुणीत राहिलो. लोक म्हणायचे, मनाचा निग्रह आहे बुवा. निग्रह कसला, रोज सकाळी वाजणारा फोन होता.

एक गोष्ट मात्र तू डॉक्टरांना विचारली नाहीस, मलाही नाही. तूच ठरवलंस. माझी साखर गावी कळू द्यायची नाही. स्नेहलचं लग्न व्हायचं होतं. आपल्याकडे मुलगी बघायला येतात ते आधी घराण्याची चौकशी करून येतात, आणि माझ्या गावी, कराडच्या पुढे, एका घरात कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत पोचते. "लग्न होऊ दे, मग सांगू सगळ्यांना," म्हणालीस. लग्न झालं, स्नेहल नागपूरला गेली, तरी सांगायचं राहूनच गेलं. इतकी वर्षं लपवलं हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून पुन्हा लपवलं. माझ्या भाकरीला आणि सकाळच्या चालण्याला तू ॲसिडिटीचं नाव देऊन टाकलंस. सगळ्या भावकीत मी गॅसवाला म्हणून प्रसिद्ध झालो. दादा भर बैठकीत विचारायचा, "आज कसं आहे रे पोट?" आणि तू आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसायचीस.

पण ॲसिडिटीवाल्याला गोड चालतं, ही पंचाईत होती. आमच्याकडे आलेल्या माणसाला गोड वाढलं नाही तर वाढणारीचाच अपमान. नको म्हटलं की आणखी एक पुरणपोळी पडते, ताटावर हात आडवा धरला तर बोटांवरून तूप ओघळतं. यावर तू जो उपाय काढलास तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

दादाच्या घरी आजही पुरुषांची पंगत आधी बसते, बायका मागून. पूर्वी बायको नवऱ्याच्याच ताटात बसून जेवायची. आता गावातसुद्धा ते कुणी करत नाही. तू सुरू केलंस. मी गोडाला हात न लावता उठायचो आणि कुणाचं लक्ष जायच्या आत तू माझ्या ताटावर येऊन बसायचीस. माझ्या वाटणीची पोळी, माझी खीर, आणि शिवाय वहिनी तुला म्हणून वाढायच्या ते. दोन माणसांचं गोड तू एकटी संपवायचीस. आणि वर केवढं कौतुक! वसईची मुलगी, शहरात राहते, आणि अजून नवऱ्याच्या ताटात जेवते! आमच्या आत्याने तर डोळ्यांना पदर लावला होता. परतीच्या गाडीत तू माझ्या कानाशी यायचीस आणि म्हणायचीस, "संस्कार बघितलेत का माझे?"

आपण दोघं पोट धरून हसायचो. मी तुला गोडघाशी म्हणायचो. "माझ्या नावावर चैन चाललीय तुझी," म्हणायचो. तू म्हणायचीस, "आवडतं मला. तुमचं काय जातंय?"

स्नेहलला मात्र ते बघवायचं नाही. लग्नानंतर एकदा ती गावी आली असताना तिने तुला माझ्या ताटावर बसलेलं पाहिलं आणि परसात नेऊन जाब विचारला. "आई, शी! उष्ट्या ताटात? मी माझ्या सासरी असं केलं तर चालेल तुला?" तू शांतपणे म्हणालीस, "एक ताट कमी घासावं लागतं." किती दिवस बोलली नाही ती तुझ्याशी. माझी साखर तिला माहीत होती, पण त्या ताटाचा आणि साखरेचा संबंध तिने लावला नाही, आणि तूही लावून दिला नाहीस. हे लपवणं तिच्याच लग्नापायी सुरू झालं होतं ना. ते कळलं असतं तर तिने पुन्हा गावी पाऊल टाकलं नसतं.

निवृत्त झाल्यावर आपण खऱ्या अर्थाने फिरायला लागलो. राजस्थानच्या सहलीत नाश्त्याला रोज पुऱ्या आणि जिलबी. पहिल्याच दिवशी तू थेट सहलीच्या आचाऱ्याशी मैत्री केलीस. त्याच्या मुलीचं नाव, शाळा, दमा, सगळं तुला माहीत झालं, आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात बाजरीची भाकरी यायला लागली. बाकीची मंडळी उंटावर बसायला जायची आणि मी बसभोवती फेऱ्या मारायचो. लोक मला वॉचमन म्हणायला लागले. आणि तू? तू बसच्या खिडकीत बसून माझ्यावर नजर ठेवायचीस.

मी म्हणायचो, खाली ये, दोघं चालू. तुझं उत्तर ठरलेलं. "मला कसला व्यायाम? घरात दिवसभर उभीच असते." यावरून आपलं प्रत्येक प्रवासात वाजायचं. मी चिडून म्हणायचो की ओट्यापाशी उभं राहणं हा व्यायाम नव्हे. तू म्हणायचीस की तुम्ही एक दिवस उभे राहून दाखवा. आणि मग मी हसायचो, कारण तुझं उत्तर बिनतोड असायचं. बिनतोड उत्तरं देण्यात तू पटाईत. त्यांचा काय उपयोग झाला शैला?

दादाच्या धाकट्याच्या लग्नाला गेलो तो आपला शेवटचा प्रवास. पाणी तर तू इतकं प्यायला लागली होतीस की मी तुला बोअरवेल म्हणत होतो. "प्रवासात पाणी प्यावं, तुम्हालाच सांगते ना मी?" असं म्हणून तू आणखी एक बाटली रिकामी करायचीस. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या फाटकापासून मांडवापर्यंत तू एकाच पायात चप्पल घालून आलीस. दुसरी कुठे गळून पडली, तुला पत्ताच नव्हता. पायाखाली खडी होती, तरी नाही कळलं. सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो आणि ती चप्पल शोधून आणली. फाटकाशीच पडली होती.

आणि मग परतीचं ते भांडण. वामन आपली गाडी घेऊन आला होता न्यायला, म्हणून तुझा भाऊ या सगळ्याला साक्षी आहे. हायवेवर जेवायला थांबलो. जेवण झाल्यावर तू नेहमीसारखी गाडीत जाऊन बसलीस आणि मला म्हणालीस, "फेऱ्या मारून या." माझं का कोण जाणे बिनसलंच. म्हटलं, "तू उतर. आज मी एकटा चालणार नाही."

"पाय जड झालेत."

"म्हणूनच उतर."

"लग्नाची दगदग आहे. घरी गेले की वाटेल बरं."

"सगळं शहाणपण माझ्यासाठीच का?" मी ओरडलो. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "तुझ्या शरीराला नियम नाहीत? कधी रक्त तपासलंस तू? कधी तरी?"

तू काच वर केलीस. मग पुन्हा खाली केलीस आणि अगदी सहज म्हणालीस, "मी आजारी पडले तर तुमच्याकडे कोण बघणार? म्हणून मी पडतच नाही."

हे काय उत्तर झालं? मी बोलणारच होतो. पण तेवढ्यात स्नेहलचा फोन आला, लग्न कसं झालं विचारायला, आणि तू तिला नवरीच्या साड्यांचं सांगत बसलीस. मी तणतणत फेऱ्या मारल्या. गाडीत बसलो तेव्हा तुला झोप लागली होती. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर बॅगा उपसण्यात, आहेराच्या वस्तू लावण्यात ते मागे पडलं. मला वाटलं, पुढच्या प्रवासात पुन्हा निघेलच हा विषय.

त्याच आठवड्यात सकाळी तू ओट्याला धरून उभी होतीस आणि तुला दरदरून घाम फुटला होता. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणालीस. खरंच दुखत नव्हतं तुला. नुसता घाम आणि धाप. रिक्षात तू माझ्या खांद्यावर मान टाकलीस आणि विचारलंस, "जेवणाआधीची गोळी घेतलीत का?" मी म्हणालो, घेतली. खोटं बोललो, घेतली नव्हती. तू डोळे मिटलेस. आपलं बोलणं तिथे संपलं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. हातात कागद घेऊन बाहेर आली. "काका, मॅडमना शुगर किती वर्षांपासून आहे?"

म्हटलं, "तिला नाही. मला आहे."

तिने पुन्हा कागद बघितला. "काका, हा रिपोर्ट त्यांचाच आहे."

मी तिच्याशी वाद घातला शैला. म्हटलं, काही तरी अदलाबदल झाली असेल, नीट बघा. पेशंट मी आहे, इतक्या वर्षांचा पेशंट मी आहे. तिने मला खुर्चीत बसवलं आणि विचारायला लागली. पाणी फार प्यायच्या का? चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळलं नाही, असं कधी झालं होतं का? दोन्हींना मी हो म्हणालो. ती म्हणाली, असं असलं की हार्ट अटॅकसुद्धा दुखत नाही पुष्कळांना. मग आत कुणी तरी तिला हाक मारली आणि ती धावत गेली.

नंतर मी तिला गाठून एकच विचारलं. गोड खाल्ल्याने झालं का हे? ती म्हणाली, नुसत्या गोडाने नाही होत काका, घराण्यात असतं, बऱ्याच गोष्टी असतात, वेळेवर तपासलं असतं तर औषध देता आलं असतं. तिने हे माझी समजूत काढायला सांगितलं की खरंच तसं असतं, मला माहीत नाही. वामनही म्हणाला, "भावोजी, आमच्या आईला पन होती. शैलाला काय ठाऊक नव्हतं? पन ती कोनाचं ऐकनार?" आणि रडायला लागला. वाडीत कष्ट केलेला एवढा धिप्पाड माणूस, पायरीवर बसून रडत होता.

तू गेल्यावर मी सगळं सोडून दिलं, हे तुला सांगायला हवं. सकाळी घराजवळच्या धरणाकडे चालायला जाणं बंद. गोळ्या आठवल्या तर आठवल्या. शेजारच्या बिऱ्हाडांतून रोज डबे यायचे, जे येईल ते खात होतो. चहात साखर घालून प्यायलो, दोन दोन चमचे. स्नेहल दिसेल तेव्हा कप काढून घ्यायची. मी तिला म्हटलं, आता कुणासाठी जपायचं ग? आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं तिने.

तेरावा झाला आणि दादाचा फोन आला. गोडाचं जेवण गावीच करू. आमच्या भावकीत तोंड गोड केल्याशिवाय दुखवटा सुटत नाही. मी हो म्हटलं. मनाशी ठरवलं, वहिनी वाढतील ते खायचं. पोटभर खायचं. जे व्हायचं ते होऊ दे, एकदाचं. स्नेहल बरोबर आली. बॅग शेवटी तिनेच भरली.

पंगत बसली. दुखवट्याचं गोड, ज्याचं माणूस गेलं त्याने आधी घ्यायचं असतं, मग बाकीच्यांनी. सगळ्यांचे हात थांबलेले. वहिनींनी गव्हाची खीर वाढली, वर तुपाची धार सोडली. "भावजी, तोंड गोड करा. रडून आता ती माघारी यायची न्हाई."

मी वाटी उचलली. ओठांपर्यंत नेली. आणि मनात आलं, ही वाटी मी प्यायलो तर तू इतकी वर्षं माझ्यासाठी खाल्लंस ते सगळं वाया गेलं. तू परत येणार नाहीस हे मला कळतं. पण निदान ते तरी फुकट जायला नको. वाटी कलली, खीर बोटांवर सांडली. वाटी खाली ठेवली, बोट जिभेला लावलं रिवाजापुरतं, आणि म्हणालो, "वहिनी, मला साखर आहे. स्नेहल शाळेत होती तेव्हापासून."

दादा म्हणाला, "काय सांगतोस? अरे मग इतकी वर्षं वाढलेलं गेलं कुठं?"

वहिनी खिरीचं पातेलं घेऊन तिथेच खाली बसल्या. त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं. "तरीच ती मीठ मागायची," म्हणाल्या.

"कसलं मीठ?"

"तुमच्या ताटावरनं उठली की आत यायची. कोपऱ्यात उभी राहून मीठ मागायची चिमूटभर. जिभेवर ठेवायची. वहिनी, मळमळतंय म्हणायची, गोड मला पहिल्यापासनं जात न्हाई. मी म्हणायची, अगं बया, मग खातीस कशाला? तर नुसती हसायची."

आवडतं मला, म्हणाली होतीस तू. शैला, मला खरंच तसं वाटत होतं ग. मला वाटायचं, माझ्या या आजारपणात तुझ्या वाट्याला दुसरं काही नाही तर निदान ही एवढी चैन तरी येतेय. तेवढीही नव्हती. गोडघाशी म्हणून चिडवायचो तेव्हा तू हसायचीस, ते हसणं मला आता आठवून आठवून बघावं लागतंय. एक शब्द बोलली असतीस तर? माझ्याशी नाही तर नाही, स्नेहलशी तरी? मी तुला कधी माफ करीन ते मला सांगता येत नाही. आणि ज्याच्यासाठी तू हे केलंस तो जिवंत आहे, चालतोय, दोन्ही डोळ्यांनी बघतोय, म्हणून तुझ्यापुढे हात जोडावेत असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

पुरुषांची पंगत उठली. मी परसातल्या नळावर हात धूत होतो. आत बायकांची पंगत बसत होती. आत्याचा आवाज आला, "लेक आईवर गेली गं बाई." मी वळून बघितलं तर स्नेहल माझ्या ताटावर बसली होती. भाकरीचे माझे उरलेले तुकडे एका बाजूला सारून तिने खिरीची वाटी पुढे ओढली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती घास घ्यायच्या बेतात होती.

मी ओल्या हातांनीच आत गेलो. म्हटलं, "ऊठ."

"राहू दे ना बाबा. आई बसायची ना."

"ऊठ म्हणतो ना."

"अन्न टाकायचं कशाला? मी खाते. मला काही होत नाही."

मी तिच्यापुढून ताट ओढून घेतलं. दादा म्हणाला, अरे, दुखवट्याचं अन्न आहे ते. मी थांबलो नाही. तसाच गोठ्यात गेलो आणि खीर, पोळी, तूप, सगळं म्हशीपुढे पालथं केलं. परत आलो तेव्हा सगळ्या बायका ताटं तशीच ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

फडताळातून कोरं ताट काढलं. त्या घरात मी जन्मलो, पण तिथे मी कधी कुणाला वाढलं नव्हतं. कशात काय आहे तेही ठाऊक नव्हतं, वहिनी बोटाने दाखवत होत्या. भाकरी ठेवली, भाजी वाढली, आमटी थोडी बाहेर सांडली. ताट स्नेहलपुढे ठेवलं आणि खिरीचं पातेलं घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"किती वाढू?" मी विचारलं. "तुला हवी तेवढीच. नको असेल तर नको म्हण."

तिने डोळे पुसले, वर बघितलं.

"नको, बाबा."

मी आग्रह केला नाही. पातेलं झाकून ठेवलं.